पीसीआर कोणता, त्यावर प्राइमर ठरतो

"सर, बँड येऊनच नाही राहिला." नागपुरात एमएस्सीच्या प्रोजेक्टचा हंगाम सुरू झाला की हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर पडतं. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या लाखो नकला काढायची रीत, फसलेली असते. मोबाइलवर जेलचा, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार पट्ट्यांत (बँडमध्ये) वेगळे करणाऱ्या थराचा, फोटो पुढे येतो. लॅडर, म्हणजे लांबीची मोजपट्टी, झकास पळालेली, बाकीच्या लेन कोऱ्या, तळाशी धुरकट ढग. ॲनीलिंगचं, म्हणजे प्राइमर चिकटण्याचं, तापमान बदलून झालेलं असतं, मॅग्नेशियम वाढवून झालेलं असतं, शेजारच्या लॅबमधून टॅक (नकला बांधणारं पॉलिमरेज एन्झाइम) मागून आणलेला असतो. मी विचारतो, प्राइमर कुठून घेतले? "एका पेपरमधून." त्या पेपरातला पीसीआर कोणत्या कामाचा होता? इथे गाडी अडते.

प्राइमर म्हणजे साधारण वीस अक्षरांचा (ए, टी, जी, सी या बेसचा) डीएनएचा तुकडा. तो जिथे चिकटतो तिथून नक्कल सुरू होते, म्हणून दोन टोकांना दोन लागतात. तो स्वतःहून चांगला किंवा वाईट नसतो, कामाला लागू पडतो किंवा पडत नाही. क्लोनिंगसाठी (जीन दुसऱ्या डीएनएत बसवण्यासाठी) उत्तम ठरलेली जोडी रिअल टाइमला (नकला होत असतानाच मोजणाऱ्या पीसीआरला) फुकट जाते. म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी वहीत एक ओळ लिहायची सवय मी मुलांना लावतो: नमुन्यात काय आहे, त्यातलं काय शोधायचंय, ते दिसणार कशावर, आणि तुकडा केवढा हवा. नाग नदीच्या पाण्यात कोणकोणते जिवाणू आहेत, हा एक प्रश्न. संत्र्याच्या पानात ग्रीनिंग रोगाचा जिवाणू आहे की नाही, हा दुसरा. दोन्हीत जिवाणूच शोधायचेत, पण प्राइमर एकमेकांच्या अगदी उलट स्वभावाचे लागतात. पहिल्या कामाला सगळ्यांना धरणारा हवा, दुसऱ्याला एकालाच धरणारा.

सिक्वेन्स हातात घेणं

एनसीबीआय या सार्वजनिक डेटाबेसवरून सिक्वेन्स (अक्षरांचा क्रम) काढताना पहिली चूक इथेच होते: जीनोमिक (मूळ डीएनएचा) हवा की एमआरएनए (जीनच्या आरएनए नकलेचा)? नमुन्यात रक्तातून किंवा पानातून काढलेला डीएनए असेल तर जीनोमिक सिक्वेन्स घ्या. एमआरएनएवरून बेतलेला प्राइमर दोन एक्झॉनच्या (एमआरएनएत राहणाऱ्या भागांच्या) सांध्यावर बसला, तर जीनोमिक डीएनएत त्याला बसायला जागाच नसते, कारण मधे इंट्रॉन (एमआरएनएतून गाळला जाणारा भाग) आहे. रोगजंतू शोधायचा असेल तर एकच सिक्वेन्स घेऊन बसू नका. वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळालेले दहा-पंधरा आयसोलेटचे (वेगळ्या केलेल्या नमुन्यांचे) सिक्वेन्स एकाखाली एक लावा आणि सगळ्यांत सारखा असलेला पट्टा रंगवा. त्याच जिवाणूच्या जवळच्या भाऊबंदांचेही सिक्वेन्स शेजारी लावा. प्राइमर अशा जागी हवा, जिथे आपले सगळे सारखे आणि भाऊबंद वेगळे.

मग फॉरवर्ड आणि रिव्हर्स. फॉरवर्ड सरळ असतो, सिक्वेन्समध्ये दिसतो तसाच उचलायचा. रिव्हर्समध्ये मी स्वतः तोंडघशी पडलेलो आहे. पहिल्यांदा प्राइमर मागवले तेव्हा सिक्वेन्सचं शेवटचं टोक मी फक्त उलटं लिहिलं, पूरक (ए समोर टी, जी समोर सी) केलंच नाही. दोन आठवडे ग्रेडियंट (एकाच वेळी वेगवेगळी तापमानं) लावत बसलो. शेवटी एका सीनियर ताईने कागदावर पेन्सिलने बाण काढून दाखवले आणि काही न बोलता चहाला निघून गेली.

तेव्हापासून मीही कागदच वापरतो. समजा वरच्या धाग्याचं शेवटचं टोक असं आहे: सी-टी-जी-ए-ए-सी. आधी पूरक लिहा: जी-ए-सी-टी-टी-जी. आता ते उलटं वाचा: जी-टी-टी-सी-ए-जी. हा रिव्हर्स प्राइमर, ५ प्राइमकडून ३ प्राइमकडे (ही धाग्याची दोन टोकं) लिहिलेला, आणि ऑर्डरही याच दिशेने जाते. दोन्ही प्राइमरची ३ प्राइम टोकं एकमेकांकडे तोंड करून हवीत. कागदावर बाण समोरासमोर येत नसतील, तर पुढचं काहीही करू नका.

सगळ्यांना लागू असलेले नियम

लांबी १८ ते २५ बेस. जीसीचं प्रमाण ४० ते ६० टक्के. वितळण्याचं तापमान, म्हणजे टीएम, ६० अंशाच्या आसपास, आणि जोडीतल्या दोघांत २-३ अंशांपेक्षा जास्त फरक नको. एकच अक्षर सलग चारपेक्षा जास्त वेळा नको. हे आकडे कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडतील, त्यांवर वेळ घालवत नाही.

टीएमवर मात्र थांबू, कारण त्यावरून भांडणं होतात. हाताने काढायची सोपी रीत अशी: ए आणि टी प्रत्येकी २ अंश, जी आणि सी प्रत्येकी ४ अंश. ही रीत मुळात १४-१५ बेसच्या छोट्या तुकड्यांसाठी होती, वीस बेसला ती निव्वळ अंदाज देते. सॉफ्टवेअर शेजारशेजारच्या जोड्यांची ऊर्जा आणि मिठाचं प्रमाण धरून हिशोब करतं. म्हणून एकाच प्राइमरला एक संकेतस्थळ ५७ सांगतं आणि दुसरं ६२. दोघंही खरं बोलतात, त्यांनी धरलेलं मीठ वेगळं असतं. उपाय एकच: दोन्ही प्राइमर एकाच ठिकाणी मोजा आणि फरक पाहा. ॲनीलिंग साधारणपणे टीएमपेक्षा ३ ते ५ अंश खाली ठेवतात. काही हाय-फिडेलिटी एन्झाइमांना मात्र त्याहून वरचं तापमान लागतं. त्यासाठी त्या एन्झाइमच्या उत्पादकाचाच कॅल्क्युलेटर वापरा, टॅकचा हिशोब तिथे लावू नका.

सगळ्यात जास्त डोळ्यांत तेल घालून पाहायचं ते ३ प्राइम टोक. पॉलिमरेज तिथूनच पुढे बांधत जातं. ५ प्राइम टोक थोडं लोंबकळलं तरी चालतं, ३ प्राइमचा शेवटचा बेस बसला नाही तर काम अडतं. शेवटचं अक्षर जी किंवा सी असलं तर पकड बरी बसते, पण शेवटच्या पाचांत जी-सी तीनपेक्षा जास्त झाले की प्राइमर कुठेही चिकटतो. दोन प्राइमरची ३ प्राइम टोकं एकमेकांना जुळत असतील तर डायमर (प्राइमरची आपसातच लागलेली जोडी) झालाच म्हणून समजा. जेलच्या तळाशी दिसणारा ढग बहुतेक वेळा तोच असतो.

प्राइमर३ आणि एनसीबीआयचं प्राइमर-ब्लास्ट ही दोन्ही मोफत साधनं एवढं सगळं तपासून जोड्या देतात. प्राइमर-ब्लास्टमध्ये जीवजातीचा रकाना आठवणीने भरा. संत्र्याच्या पानातला डीएनए असेल तर जिवाणूबरोबर संत्र्याचाही डेटाबेस तपासायला हवा, कारण ट्यूबमध्ये ९० टक्क्यांहून जास्त डीएनए झाडाचाच असतो.

एकाच अक्षराचा फरक: सिकलसेलचं उदाहरण

विदर्भात सिकलसेल कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियापासून नागपूरपर्यंत घराघरांत त्याची ओळख आहे. बीटा ग्लोबिनच्या जीनमध्ये सहाव्या कोडॉनात (तीन अक्षरांच्या गटात) जीएजीचं जीटीजी होतं, बस्स. एका ए च्या जागी टी. प्राइमरचं ३ प्राइम टोक किती ताकदीचं असतं हे शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. इथे जे देतोय ते शिकण्यासाठी आहे, यावरून कुणाचा रिपोर्ट काढायचा नाही.

जीनची सुरुवात अशी आहे: एटीजी जीटीजी सीएटी सीटीजी एसीटी सीसीटी जीएजी. पहिलं एटीजी मोजणीत धरत नाहीत, म्हणून जीएजी सहावा. आता एटीजीपासून मोजत त्या बदलणाऱ्या ए पर्यंत या. बरोबर वीस बेस होतात: एटीजी-जीटीजी-सीएटी-सीटीजी-एसीटी-सीसीटी-जीए. जी-सी मोजा, दहा. म्हणजे ५० टक्के, आणि हाताच्या रितीने टीएम ६०. हा झाला सामान्य जीनचा प्राइमर. शेवटचा ए काढून टी लावला की सिकलचा प्राइमर. दोन ट्यूब, दोन फॉरवर्ड, रिव्हर्स एकच. सामान्य माणसाला पहिल्याच ट्यूबमध्ये बँड, रुग्णाला दुसऱ्याच, आणि वाहकाला दोन्हींत.

कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात टॅक इतका सोवळा नसतो. शेवटचं अक्षर जुळलं नाही तरी कधीकधी तो रेटून पुढे जातो आणि दोन्ही ट्यूबमध्ये बँड दिसतो. म्हणून शेवटून तिसरा बेस मुद्दाम चुकवतात, आपल्या उदाहरणात टी च्या जागी ए. आता बरोबर टेम्प्लेटवर (ज्याची नक्कल काढायची त्या डीएनएवर) एकच चूक राहते आणि प्राइमर निभावून नेतो. चुकीच्या टेम्प्लेटवर दोन चुका जवळजवळ येतात आणि तो गळून पडतो.

याला दोन पथ्यं आहेत. ३ प्राइमकडून चूक खोडून काढणारं प्रूफरीडिंग एन्झाइम इथे वापरू नका. ते तुमचा मुद्दाम ठेवलेला टोकाचा बेसच कुरतडून टाकेल आणि सगळा खेळ संपेल. आणि प्रत्येक ट्यूबमध्ये दुसऱ्या एखाद्या जीनची कंट्रोल जोडी घाला. नाहीतर बँड आला नाही तो सामान्य जीन नाही म्हणून, की पिपेट चुकला म्हणून, हे कळणार कसं?

तिसरा खड्डा मला फार आवडतो, कारण हुशार मुलंही त्यात पडतात. बीटा ग्लोबिनच्या शेजारी डेल्टा ग्लोबिनचा जीन आहे, आणि दोघांची सुरुवात जवळपास सारखी आहे. पहिली आठ अमिनो आम्लं तर तीच. म्हणजे आपला सामान्य प्राइमर डेल्टावरही आरामात बसतो. रिव्हर्सही दोघांत सारख्या असलेल्या जागी घेतला, तर सिकलच्या रुग्णालाही 'सामान्य' बँड येईल. म्हणून रिव्हर्स अशा जागी घ्या जिथे दोन जीन वेगळे झालेत. दुसरा इंट्रॉन त्यासाठी बरा. तिथपर्यंतचं अंतर पाहता तुकडा साडेचारशे बेसच्या पुढे जातो आणि जेलवर स्पष्ट दिसतो. हे प्राइमर-ब्लास्टने सांगितलं असतं, पण त्याची यादी शेवटपर्यंत वाचायला हवी.

पडताळणीसाठी दुसरी वाटही आहे. बदलाच्या दोन्ही बाजूंना साधे प्राइमर घ्या आणि तुकडा डीडीई-वन एन्झाइमने कापा. सीटीजीएजी ही त्याची जागा सिकलमध्ये मोडते, त्यामुळे तिथे काप बसत नाही. मात्र तुकडा असा निवडा की त्यात याच एन्झाइमची आणखी एक जागा असेल, जी बदलत नाही. ती कापली गेली, तर एन्झाइम चाललं याची खात्री पटते.

रिअल टाइमचे प्राइमर

इथे तुकडा लहान हवा, ७० ते १५० बेस. टीएम ६०, कारण बहुतेक मशीनवर ॲनीलिंग आणि बांधणी ६० अंशावर एकत्रच चालते. जीन किती चालू आहे हे आरएनएवरून मोजत असाल, तर एक प्राइमर दोन एक्झॉनच्या सांध्यावर बसवा, म्हणजे राहून गेलेला जीनोमिक डीएनए मोजला जाणार नाही. सांध्यापलीकडे ३ प्राइम बाजूला चार-सहा बेसच जाऊ द्या. जास्त गेले तर तो त्या एका एक्झॉनवरही तग धरतो. एवढं करूनही जीएपीडीएचसारख्या जीनमध्ये फसगत होते. त्याच्या इंट्रॉन नसलेल्या नकला जीनोममध्ये विखुरलेल्या आहेत, आणि त्यांत सांधा असतो. म्हणून रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बांधणारं एन्झाइम) न घातलेली एक ट्यूब प्रत्येक नमुन्याबरोबर लावायचीच.

सायबर ग्रीन वापरत असाल तर डायमर हा मोठा शत्रू, कारण हा रंग कुठल्याही दुहेरी डीएनएला चिकटून चमकतो. मेल्ट कर्व्हमध्ये (तुकडा कोणत्या तापमानाला वितळतो त्या आलेखात) एकच टोकदार शिखर हवं. डावीकडे बुटका दुसरा डोंगर दिसला की प्राइमर बदला, तापमान वाढवून तो लपवू नका. प्रोब (दोन प्राइमरच्या मधे चिकटणारा, रंग लावलेला तुकडा) वापरत असाल तर त्याचा टीएम प्राइमरपेक्षा ८ ते १० अंश वर ठेवा, म्हणजे तो आधी बसेल. प्रोबच्या ५ प्राइम टोकाला जी नको, तो शेजारच्या रंगाची चमक दाबतो.

नवी जोडी आली की दहापट विरळ केलेल्या पाच पातळ्यांचा स्टँडर्ड कर्व्ह काढा. उतार उणे ३.३२ आला तर कार्यक्षमता १०० टक्के. उणे ३.६ ते उणे ३.१ म्हणजे साधारण ९० ते ११० टक्के, तिथपर्यंत चालतं. ११० च्या वर गेलं म्हणून पेढे वाटू नका. नमुन्यात अडथळा आणणारं काहीतरी आहे किंवा पिपेटिंग घसरलंय.

क्लोनिंगचे प्राइमर

क्लोनिंगमध्ये जागा निवडायचं स्वातंत्र्य नसतं. जीन जिथे सुरू होतो तिथेच फॉरवर्ड, जिथे संपतो तिथेच रिव्हर्स, मग जीसी कितीही वाकडं असो. खरी मेहनत ५ प्राइम शेपटीत असते. आधी तीन ते सहा जादा बेस, मग रिस्ट्रिक्शनची (एन्झाइम जिथे कापतं ती) जागा, मग जीनला चिकटणारे १८-२० बेस. जादा बेस गाळले तर एन्झाइमला टोकावर धड पकडता येत नाही आणि कापणं अर्धवट होतं. निवडलेली जागा जीनच्या पोटात कुठे आहे का हे आधी शोधा. एनडीई-वनची जागा सीएटीएटीजी आहे, तिच्यातच सुरुवातीचं एटीजी मिळतं, म्हणून पेट व्हेक्टरसाठी (जीन ज्यात बसवतात त्या डीएनएसाठी) ती सोयीची. हिस्टिडिनची शेपूट शेवटाला लावायची असेल तर रिव्हर्समधून स्टॉप कोडॉन काढा आणि फ्रेम (तीन-तीन अक्षरांची मांडणी) बोटांवर मोजा. हो, अक्षरशः बोटांवर.

टीएम काढताना फक्त जीनला चिकटणारा भाग धरा. पहिल्या पाच चक्रांत तेवढाच भाग बसतो. पुढे शेपटीसकट टेम्प्लेट तयार झालं की तापमान वाढवता येतं.

लांब प्राइमर मागवताना शुद्धीकरणाचे पैसे वाचवू नका. कारखान्यात प्राइमर ३ प्राइमकडून ५ प्राइमकडे बांधला जातो. प्रत्येक बेसला ९९ टक्के यश धरलं तरी २० बेसच्या प्राइमरमध्ये ८३ टक्के रेणू पूर्ण असतात आणि ६० बेसच्यात ५५ टक्केच. जे अपुरे राहतात त्यांचं ५ प्राइम टोक गायब असतं, म्हणजे नेमकी तुमची रिस्ट्रिक्शनची जागा.

सगळ्यांना धरणारे, आणि बाकीचे

जिवाणू ओळखण्यासाठी, सगळ्या जिवाणूंत असलेल्या १६एस जीनवर २७एफ आणि १४९२आर ही जुनी जोडी आहे. ते आकडे इ. कोलायच्या जीनमधल्या जागांचे. तुकडा दीड हजार बेसच्या आसपास येतो. सँगर पद्धतीने सिक्वेन्स वाचताना एका वाचनात सात-आठशे बेस नीट मिळतात, म्हणून दोन्ही बाजूंनी वाचून घ्या. नाग नदीच्या पाण्यातला सगळा समूह एकदम पाहायचा असेल तर याच जीनमधला व्ही३-व्ही४ पट्टा घेतात, साधारण ४६० बेसचा. इथे निगेटिव्ह कंट्रोलमध्ये फिकट बँड आला तर लगेच स्वतःला दोष देऊ नका. टॅकच जिवाणूंमध्ये बनवलेला असतो आणि त्यांचा डीएनए त्यात उरतो. चक्रं कमी करून पाहा.

हीच जोडी संत्र्याच्या पानावर लावली तर मोठा ठळक बँड येतो आणि पोरगं खूश होतं. तो बहुधा हरितलवकाचा असतो, कारण हरितलवकाचे पूर्वज जिवाणूच. ग्रीनिंगचा जिवाणू, कॅन्डिडेटस लिबरिबॅक्टर एशियाटिकस, शुद्ध स्वरूपात वाढवणंही फार कठीण, त्यामुळे भिस्त पीसीआरवरच. तिथे फक्त त्यालाच धरणारे प्राइमर हवेत.

नुसतं प्रोटीन माहीत असेल आणि जीन नाही, तर डीजनरेट (शक्य त्या सगळ्या अक्षरक्रमांचं मिश्रण असलेले) प्राइमर करतात. ट्रिप्टोफॅन आणि मेथिओनिन असलेला तुकडा शोधा, त्यांना एकेकच कोडॉन आहे. ट्रिप्टोफॅन, ॲस्पार्टिक, मेथिओनिन, फेनिलॲलॅनिन, हिस्टिडिन, ग्लुटामिन असा पट्टा मिळाला तर १६ शक्यता. शेवटचा बेस सोडला तर १७ बेस आणि ८ शक्यता. ल्युसिन, सेरिन, आर्जिनिन असे तिघं लागोपाठ आले तर २१६. तिथे वेळ घालवू नका, दुसरा पट्टा शोधा.

मल्टिप्लेक्ससाठी, म्हणजे एकाच ट्यूबमध्ये अनेक जोड्यांसाठी, कपाशीचं बियाणं घ्या. २००२ सालच्या पहिल्या बीटी कपाशीत क्राय१एसी हा एकच जीन होता, २००६ च्या पिढीत क्राय२एबी जोडीला आला. एकाच ट्यूबमध्ये दोन्ही पाहायचे तर तिसरी जोडी कपाशीच्या स्वतःच्या जीनची हवीच. तुकडे १५०, २५० आणि ४०० असे लांब लांब ठेवा, २ टक्के जेलवर वेगळे दिसतील. क्राय१एबी आणि क्राय१एसीचे मोठे भाग सारखे आहेत, तेव्हा इथेही भाऊबंद तपासा. जोड्या वाढवण्याचा मोह आवरा. चार जोड्या म्हणजे आठ प्राइमर, आणि डायमरच्या ३६ शक्यता तपासायच्या.

नेस्टेडमध्ये, म्हणजे पहिल्या पीसीआरच्या तुकड्यावर दुसऱ्या जोडीने पुन्हा पीसीआर करताना, आतली जोडी बाहेरच्या तुकड्याच्या आत पूर्ण बसवा, एवढंच. पहिल्या फेरीची ट्यूब मात्र दुसऱ्या खोलीत उघडा.

प्राइमर आल्यावर

मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात कुरिअरच्या गाडीतून प्राइमर आले म्हणून घाबरू नका, कोरडी पावडर तेवढं सोसते. ट्यूब उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, नाहीतर पावडर झाकणाबरोबर उडते. लेबलवर नॅनोमोल लिहिलेले असतात. त्याला १० ने गुणा, तितके मायक्रोलिटर टीई बफर घाला, १०० मायक्रोमोलरचा स्टॉक तयार. २४.६ नॅनोमोल असतील तर २४६ मायक्रोलिटर. त्यातून १० मायक्रोमोलरचे छोटे भाग करून ठेवा आणि मूळ ट्यूब उणे २० मध्ये. म्हणजे रोजच्या वापरात तो छोटा भागच वितळेल, मूळ ट्यूब नाही. २५ मायक्रोलिटरच्या रिॲक्शनमध्ये १० मायक्रोमोलरचा अर्धा मायक्रोलिटर घातला की ०.२ मायक्रोमोलर होतं, सुरुवातीला तेवढं पुरे.

पहिला रन नेहमी ग्रेडियंटवर, ५५ ते ६५ अंश, आणि खात्रीच्या पॉझिटिव्ह नमुन्यावर लावा. मौल्यवान नमुना पहिल्याच दिवशी काढू नका. प्रत्येक तापमानाला पाण्याची एक ट्यूब ठेवा.

आणि ट्यूबवर 'एफ' आणि 'आर' एवढंच लिहू नका. आमच्या फ्रीझरच्या एका डब्यात तशा अकरा ट्यूब आहेत, आणि त्यातल्या कुणाचाच मालक आता नागपुरात नाही.